महूजवळची 'मिलिटरीची' जीप घ्यावी का?

पोहे_जिरावन (इंदूर)

मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, कारण समोरचा माणूस रोज सकाळी फोन करून "भिया, दुसरी पार्टी आ रही है" ऐकवतोय. महू-सिमरोल रोडवर एका शेतात जीप उभी आहे, उंच बोनटवाली, उघडी, फोर बाय फोर. मालक म्हणतो मिलिटरीच्या लिलावातली आहे, १९६२ ची विलीज, चीनच्या लढाईत गेलेली. हिरवा रंग मारलाय, बंपरवर पांढऱ्या अक्षरात नंबर, बोनटवर ही मोठी चांदणी. दिसायला एकदम कडक, त्यात वादच नाही. पण आरसी बुक उघडलं तर त्यात महिंद्राची जीप, १९७४ चं मॉडेल, इंधन पेट्रोल, आणि नाव मालकाच्या वडिलांचं, जे आता नाहीत. रजिस्ट्रेशनची मुदत कधीच संपलेली. आणि गाडीत चालतंय डिझेल इंजिन! विचारलं तर म्हणे पेट्रोलला ॲव्हरेज नव्हतं म्हणून बदललं, सगळेच बदलतात, त्यात काय.

साडेचार लाख मागतोय. माझा बेत असा की पावसाळ्यात रविवारी जानापाव, चोरल, पातालपाणी फिरायचं आणि हळूहळू पैसे टाकत गाडी मूळ रूपात आणायची. शिवाय कुणीतरी सांगितलं की ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेजचा वेगळा नंबर मिळतो, मग काही कटकटच नाही. खरं का हे? आईचं म्हणणं, अंगणात भंगार आणलंस तर तूही तिथेच झोप. तर गाडी खरंच मिलिटरीची आहे का, भाव बरोबर आहे का, आणि कागदांचं काय करायचं, एवढं सांगा.

फौजी_काका (महू)

चांदणी वाचूनच हसू आलं. ती पांढरी चांदणी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याची रे बाळा, आपल्या फौजेच्या गाडीवर ती कशाला येईल. आपल्या गाडीच्या नंबरात सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि पुढचा नंबर. बंपरवर काय लिहिलंय त्याचा फोटो टाक, एका मिनिटात कळेल पेंटरने मनाने लिहिलंय का.

दुसरं, फौजेची गाडी बाहेर पडते ती लिलावातून, आजकाल एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या साइटवर ऑनलाइन होतो, आणि घेणाऱ्याला विक्रीचे कागद मिळतात ज्यात गाडीची ओळख लिहिलेली असते. त्या कागदांवर मग आरटीओत नावावर करायची. ते कागद घरात नसतील तर "मिलिटरीची" हा शब्द विसरून जा, त्या शब्दाचे लाख दीड लाख जास्त लावलेत त्याने. आयुष्य फौजेच्या वर्कशॉपमधे गेलं माझं, महूत जेवढ्या "आर्मी डिस्पोजल" जीपा विकायला निघतात तेवढ्या आख्ख्या छावणीतसुद्धा नसतील.

फौजेने महिंद्राच्या जीपा भरपूर वापरल्या हे खरं आहे. १९६५ ला खेमकरणला हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या) तोफेनेच. पण तुझ्या मालकाची कहाणी १९६२ ची आणि आरसी १९७४ ची, बारा वर्षं गाडी काय हवेत होती का? खरी मिलिटरीची वस्तू हवी असेल तर आपल्या जबलपूरच्या फॅक्टरीची जोंगा बघ. निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवरून बनवलेली, सहा सिलेंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ताकद राक्षसी. फक्त तिला पाळायचं म्हणजे घरचा पेट्रोल पंप पाहिजे. १९९९ ला बंद झाली.

आरटीओ_चक्कर (इंदूर)

काकांनी मिलिटरीचा फुगा फोडला ते बरं झालं. आता भाऊ कागदाचं बोलू, आणि त्याआधी एक ठरव की ही गाडी घेऊन तुला चोरलला जायचंय का रॅलीत उभी करायचीय. कारण दोन्ही एका आरसीवर होत नाही, आणि तुझी सगळी गडबड इथेच होऊन राहिली आहे.

विंटेजचा नियम जुलै २०२१ ला आला. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली पाहिजेत, त्यात १९७४ ची गाडी बसते. पण पुढची अट कुणी सांगत नाही, गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिन ह्यात मोठा फेरबदल चालत नाही. डिझेल इंजिन टाकलेली पेट्रोल जीप घेऊन गेलास तर कमिटी चहा पण विचारणार नाही. समजा सगळं मूळचं करून नेलंस, नवीन नोंदणीची फी २० हजार, १० वर्षांची मुदत, राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए लिहिलेली नवी पाटी. गाडी आधीपासून रजिस्टर असेल तर जुना नंबर ठेवता येतो. इथपर्यंत छान. पण मग ती गाडी रोज वापरायला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, बस. रविवारी बायकोला घेऊन पातालपाणीला भुट्टा खायला जायचं हे त्या यादीत नाही.

म्हणजे तुला पाहिजे ते साधं रजिस्ट्रेशनच. त्यात आधी विकणाऱ्याने गाडी वडिलांच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायची, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. बहिणी असतील तर त्यांच्यापण सह्या. हे तू करायचं नाही, त्याने करायचं, आणि ते होईपर्यंत टोकनच्या वर एक पैसा द्यायचा नाही. मग फॉर्म २९-३० ने तुझ्या नावावर. मुदत संपलीय म्हणजे फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागेल, पास झाली तर पाच वर्षं. २० वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी १० हजार झालीय, वर इतकी वर्षं नूतनीकरण न केल्याचा दंड वेगळा. आणि १९७४ चं बुक म्हणजे हाताने लिहिलेलं असणार, जुन्या पद्धतीचा नंबर. आधी सरकारच्या 'वाहन' साइटवर टाकून बघ दिसतो का. नाही दिसला तर ज्या आरटीओचा आहे तिथे जुनं रजिस्टर काढून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते, आणि रजिस्टरचं ते पान सापडलं तर तुझं नशीब.

इंजिनाचं: आरसीवर पेट्रोल, बोनटखाली डिझेल, हे "सगळेच करतात" मधे मोडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाऊन गाडी बदलता येत नाही. उद्या कुणाला धडकलास तर विमावाला पहिला इंजिन नंबर बघेल.

आणि तो हिरवा रंग. मोटार वाहन नियमात १२१ नंबरचा नियमच आहे की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे चांदणी तर काढच, रंग पण काढ.

जिप्सीवाला (इंदूर)

एवढा ताप कशाला घेताय राव. मारुतीची जिप्सी घ्या. १९८५ पासून २०१९ पर्यंत निघाली, १९९६ नंतरची तेराशे सीसीची बघायची, पार्ट जिकडे तिकडे, कागद ऑनलाइन दिसतात, फौजेने पण हीच वापरली. मागच्या सीटवर पाठीची वाट लागते एवढं सोडलं तर तक्रार नाही. फक्त एनसीआरमधून (दिल्ली आणि आसपासच्या भागातून) आलेली असेल तर एनओसी नीट बघून घ्या, तिकडे १५ वर्षांवरची पेट्रोल चालवायला बंदी आली तेव्हापासून दलाल तिकडचा माल इकडे आणतायत.

मोरारचा_विलीज (ग्वाल्हेर)

जिप्सीवाल्यांनी प्रत्येक धाग्यात येऊन हेच लिहायचं असा काही नियम आहे का 😀

पोहे भाऊ, माझ्याकडे महायुद्धातली आहे म्हणून ओळख सांगतो, पुढे कधी कुणी "विलीज" म्हणून काही विकायला आणलं तर उपयोगी पडेल. तेव्हाच्या जीपा दोन कंपन्यांनी बनवल्या, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. पुढच्या जाळीत नऊ खाचा, महिंद्राच्या सीजे-थ्रीबीला सात. मागे उघडणारं फाळकं नाही, स्टेपनी मागच्या पत्र्यावर. पेट्रोलचं झाकण ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे पेट्रोल भरायचं तर सीट वर करा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, हेडलाइट बिजागरीवर आहेत, खालचा पंखवाला नट सैल करून लाइट उलटा फिरवला की उजेड सरळ इंजिनावर पडतो, रात्री दुरुस्ती करायला. दोन्हीत फरक बघायचा तर रेडिएटरच्या खालची चॅसीची आडवी पट्टी बघा, विलीजला गोल पाइप, फोर्डला चौकोनी. फोर्डवाल्यांनी तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपला एफ ठोकलाय.

तुमची उंच बोनटवाली म्हणजे सीजे-थ्रीबी. ते बोनट उंच आहे कारण खाली हरिकेन इंजिन बसवायचं होतं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमधे असतात म्हणून इंजिनाची उंची वाढली. महायुद्धातल्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमधे, म्हणून त्याचं बोनट बसकं. म्हणजे नुसतं उंच बोनट बघून गाडी "मिलिटरी विलीज" ठरत नाही, कारण अमेरिकेत थ्रीबी १९५३ ला आली आणि आपल्याकडे महिंद्राने ती पुढे वर्षानुवर्षं बनवली, शेतकऱ्यांना, पोलिसांना, जंगलखात्याला, सगळ्यांना विकली. वाईट वाटून घेऊ नका, माझ्या मते थ्रीबी ही उलट जास्त आपली गाडी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने लग्नाच्या वरातीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळं हिच्यावर केलं.

मूळ इंजिन कुठे आहे ते विचारा. बदललेलं इंजिन लोक सहसा टाकून देत नाहीत, गोठ्यात पडलेलं असतं.

बडोद्याचा_नटबोल्ट (बडोदा)

कागदाचं सगळं आलंच आहे, मी लोखंडाचं सांगतो. आमच्याकडे ईएमई स्कूल आहे, फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांची शाळा, तिथून रिटायर झालेला एक उस्ताद माझ्या गॅरेजला येऊन बसायचा, त्याच्याकडून शिकलेलं आहे.

रंगाकडे बघायचंच नाही. जाताना स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, लोहचुंबक आणि एक जुनी चादर घेऊन जा. चादर अंथरून गाडीखाली शिरायचं. फ्लोअरच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, चिखल तिथे अडकतो आणि आतून गंज धरतो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जायचं, टणटण आवाज आला तर ठीक, भसकन आत गेला तर तो पत्रा नाही पुट्टी आहे. तसंच चॅसीच्या मागच्या टोकाला, जिथे मागची आडवी पट्टी जोडलीय. बॉडी नवी करून मिळते, चॅसी सडली तर संपलं.

चॅसी नंबर स्वतः घ्यायचा. जागा तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, छाप उठतो. आकडे एका रांगेत, एका खोलीचे पाहिजेत. आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा दिसल्या किंवा एखादा आकडा जास्त खोल ठोकलेला दिसला तर चहा पिऊन घरी या. जुनी आरसी जपून ठेवून तिच्यावर नवी गाडी बांधायचा धंदा चालतो. हरियाणात मंडी डबवालीकडे जीपा सुंदर बांधतात, प्रश्न बांधणीचा नसतो, खाली नंबर कुणाचा आहे त्याचा असतो.

मग पुढचं ॲक्सल जॅकवर घ्या. टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवायचा. खेळ दिसला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, स्वस्तातलं काम. ब्रेक दाबूनही हलतंय म्हणजे किंगपिन (ज्या खुंटीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती) त्याचं बेअरिंग गेलंय, आणि हीच गाडी पुढे रस्त्यावर एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग असं काही थरथरवेल की देव आठवतील. लोक टायर बॅलन्स करत बसतात, स्टिअरिंग डॅम्पर लावतात. किंगपिनच्या वरच्या झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) काढून-घालून ताण बरोबर करायला कुणाला वेळ नाही. त्याच जागी मागच्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेलंय, धूळ आत गेली असणार, उघडावंच लागेल.

फोर बाय फोर शेतातच तपासा, डांबरावर नाही. ह्या ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला, मधे डिफरन्शियल (दोन्हीकडच्या चाकांना कमीजास्त वेगाने फिरू देणारी जोडणी) नसतं, डांबरावर फोरव्हील टाकून वळलात की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. लो गिअर टाकून उतारावर ॲक्सिलरेटर सोडायचा, दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर आतले दात किंवा फोर्क झिजलेत.

आणि हो, चाकं काढणार असाल तर डावीकडच्या नटांचे आटे बहुतेक उलटे असतील. जोर लावून पाना फिरवण्याआधी बघा, स्टड तुटलेल्या चिक्कार जीपा माझ्याकडे आल्यात.

पोहे_जिरावन (इंदूर)

बापरे, सगळ्यांना दंडवत. आज जाऊन आलो, चादर घेऊन. बंपरवरचा नंबर पेंटरच्या मनचा निघाला काका, बाणबिण काही नाही, विचारल्यावर मालक म्हणाला "शो के लिए है". फ्लोअर ड्रायव्हरच्या बाजूला दोन ठिकाणी भसकलं, चॅसी मात्र टणटणीत. चॅसी नंबरचा छाप आरसीशी जुळला, आकडे सरळ आहेत. पुढचं डावं चाक ब्रेक दाबूनही हलतंय. लो गिअर उडत नाही.

आणि मोरारवाले दादा, तुमचं तोंड गोड होवो, मूळ इंजिन खरंच गोठ्यात आहे! पोत्याखाली. नंबर अर्धा गंजलाय पण शेवटचे चार आकडे आरसीशी जुळतात. हेड वेगळं ठेवलंय, कार्ब्युरेटर नाही, फिरत नाही. मालक ते भंगारात द्यायलाच निघाला होता. वारस तो आणि एक बहीण, बहीण देवासला असते, सही देईल म्हणतो. आता काय करू?

मोरारचा_विलीज (ग्वाल्हेर)

आता माझं मत बदललं, घ्या. पण भाव साडेचार नाही. तीनच्या वर मी जाणार नाही, तेही ते इंजिन धरून आणि कागद आधी त्याच्या नावावर झाल्यावर. त्याला सांगा डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स तूच काढून ठेव आणि वीक, त्याचे पैसे त्याला सुटे मिळतील, तो खूश.

ब्लॉक जाम आहे म्हणजे लगेच हातोडा मारू नका. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून मुरू द्या. हरिकेनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमधे बसतात, त्या सीटांच्या आसपास तडा आहे का ते लेथवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय पिस्टन-रिंगा मागवू नका. तडा नसेल तर बाकी सगळं दिल्लीला कश्मिरी गेटला मिळतं. आणि जोडताना एक लक्षात ठेवा, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. ते सुरुवातीलाच इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल टपकेल.

बडोद्याचा_नटबोल्ट (बडोदा)

किंगपिन आणि ब्रेक आधी. ह्या गाडीला ब्रेकची एकच लाइन असते, चार चाकांतलं एक व्हील सिलेंडर गळलं की पॅडल सरळ जमिनीला. चारही सिलेंडर, मास्टर, सगळे पाइप नवे करा, मग इंजिनाकडे वळा. पेंट सगळ्यात शेवटी. लोक आधी पेंट करतात आणि मग वेल्डिंगवाला त्यावर ठिणग्या उडवतो.

आरटीओ_चक्कर (इंदूर)

मूळ इंजिन आणि नंबर जुळतोय म्हणजे तपासणीला अडवायला कारण उरलं नाही, आरसीवर पेट्रोल आहे आणि गाडीत पेट्रोलच असेल. पुढे कधी हौस आली तर विंटेजचा दरवाजापण उघडा राहतो. तो नंबर जास्त घासू नकोस मात्र, गंज काढायला नुसतं केरोसीन आणि मऊ ब्रश, एकदा आकडा पुसला गेला की सिद्ध करत बस. बहिणीची सही स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. रंग कोणता घेणार?

पोहे_जिरावन (इंदूर)

आरसीवर रंगाच्या रकान्यात "ग्रे" लिहिलंय, तोच मारतो. आज त्याला दोन ऐंशी बोललो, फोन ठेवला त्याने. संध्याकाळी परत आला, तीन दहावर आहे आणि डिझेल इंजिन स्वतःला ठेवतोय. बहिणीला भेटायला शनिवारी देवासला जातोय त्याच्यासोबत. इंदूरला हरिकेनचं काम केलेला लेथवाला कुणाला माहीत असेल तर मेसेज करा, सियागंजात दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले डिझेलच राहू द्या.

फौजी_काका (महू)

महूत एक म्हातारा आहे, डोळे अधू झालेत पण बोटांनी व्हॉल्व्हची फट सांगतो. मेसेज बघ. आणि शनिवारी देवासला जाताना मिठाई घेऊन जा, सही बहिणीची पाहिजे आहे.